नवटाक म्हणजे नेमकं किती? जुन्या वहीतली मापं कशी वाचायची

जुन्या स्वयंपाकाच्या, औषधांच्या, हिशेबाच्या वह्या वाचून टाइप करून द्यायचं काम मी करते. ओळखीतल्या घरांमधूनच येतात त्या. आणि वही पाठवणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: 'नवटाक म्हणजे किती ग्रॅम?'

उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. अर्धा पावशेर म्हणा, कुठे अदपाव म्हणतात, तेच. एवढं पक्कं. ग्रॅम मात्र कुठल्या शेराचा आठवा भाग यावर ठरतात, आणि शेर काही एकच नव्हता. म्हणून वही हातात आली की आधी शेर शोधायचा, ग्रॅमचं नंतर बघायचं. पुढे लिहिलंय ते सगळं त्या शोधाबद्दलच आहे.

आधी शब्द. यातला 'नव' म्हणजे नऊ. नवा-जुना यातला नव नव्हे. 'टाक' म्हणजे टांक, संस्कृत टंक. टंक हे वजनही होतं आणि ठसा मारलेलं नाणंही. नाणी पाडायची जागा ती टंकशाळा, आपली टाकसाळ. देव्हाऱ्यात पुजतात ते टाकही उठावाचे ठसेच. तर नवटाक म्हणजे नऊ टांक वजन. वह्यांत नवटांक, नवटाक, नौटाक अशी तिन्ही रूपं दिसतात. बोलताना 'नौटाक' जास्त, लिहिताना अनुस्वाराचं ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

पण आठवा भाग सांगायला नऊ कशाला मधे आला? कारण मुंबईकडच्या जुन्या कोष्टकात ७२ टांकांचा शेर होता. ७२ चा आठवा भाग नऊ. त्या कोष्टकाची वरची पायरी म्हणजे ४० शेरांचा मण आणि २० मणांची खंडी. खालची म्हणजे चार माशांचा टांक आणि आठ गुंजांचा मासा. पुढे टांक बाजारातून गेला, शेर बदलला, तरी 'नवटाक' हे नाव आठव्या भागाला चिकटून राहिलं. ८० तोळ्यांच्या शेरात नवटाक म्हणजे दहा तोळे, त्यात नऊ कुठेच नाहीत, पण नाव कोणी बदललं नाही.

आता आकडे. इंग्रजांच्या काळात मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा धरत. त्याचा चाळिसावा भाग म्हणजे शेर सुमारे ३१७ ग्रॅम, आणि नवटाक जेमतेम ४० ग्रॅम. दुसरा शेर ८० तोळ्यांचा. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्या हिशेबाने शेर ९३३ ग्रॅम, पावशेर २३३, नवटाक ११६-११७ आणि त्याच्या निम्मा छटाक ५८. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अर्थांत जवळजवळ तिपटीचा फरक! शिवाय दशमान पद्धत आल्यावर लोकांनी जुनीच नावं किलोला लावली. पावशेर झाला पाव किलो आणि नवटाक झाला त्याच्या निम्मा, १२५ ग्रॅम. भाजीवाल्याकडे आजही 'पावशेर मिरच्या' मागितल्या की तो २५० ग्रॅमच तोलतो.

चिकित्सक वाचकासाठी एक गंमत. चार माशांचा टांक आणि बारा माशांचा तोळा धरला, तर ७२ टांक बरोबर २४ तोळे भरायला हवेत, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. मुंबईच्या २८ पौंडी मणातून निघतो तो शेर सव्वासत्तावीस तोळ्यांच्या आसपास. कोष्टक तेच, वजन वेगळं. गुंज हे शेवटी वेलीचं बी आणि मासा मुळात माष, म्हणजे उडदाचा दाणा. त्यावर रचलेला डोलारा गावागणिक थोडा हलणारच. त्यामुळे जुन्या मापांत प्रमाणावर विश्वास ठेवायचा, वजनावर जरा बेतानेच. आठ नवटाकांचा शेर कुठेही आठ नवटाकांचाच.

आता वही उघडा. पहिल्यांदा पाककृती वाचूच नका, पैसे शोधा. कोपऱ्यात कुठेतरी वाण्याचा हिशेब, धोब्याचे कपडे, कुणाला दिलेले उसने पैसे असतातच. आणे-पै असतील तर पान १९५७ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तेव्हापासून १९६४ पर्यंत त्यांना 'नवे पैसे' म्हणत. 'न. पै.' दिसलं की पान या सात वर्षांतलं समजा. वजनांचा कायदा १९५६ चा, पण दुकानांत किलो १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ मध्ये सक्तीचा झाला. म्हणून नव्या पैशांच्या पानावर शेर दिसला तर दचकू नका, ती वर्षं दोन्हींची होती. बायका तर त्यानंतरही कितीतरी वर्षं शेरातच लिहीत राहिल्या. एकाच पानावर 'अर्धा किलो रवा' आणि 'नवटाक तूप' असेल, तर नवटाक १२५ धरायला हरकत नाही.

दुसरी खूण म्हणजे 'रुपये भार'. इथे सगळे फसतात. 'जिरे २ रु. भार' याचा अर्थ दोन रुपयांचं जिरं असा नाही, दोन रुपयांच्या वजनाइतकं जिरं असा आहे. १८३५ पासूनचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, १८० ग्रेनचा. त्यामुळे घराघरांत रुपयाच तोळ्याचं वजन म्हणून पारड्यात पडे आणि ८० तोळ्यांच्या शेराला ८० रुपये भाराचा शेर म्हणत. हा रुपया आपल्याला फार उपयोगाचा, कारण शेर बदलला तरी तो बदलत नाही.

कसा उपयोगी पडतो ते एका पानावरून सांगते. हळदीचे डाग पडलेलं, आडव्या रेघांच्या वहीतलं पान. वर 'थालिपिठाची भाजणी', आणि खाली:

बाजरी १ शेर, ज्वारी १ शेर, तांदूळ ॥ शेर, ह. डाळ ॥ शेर, उडीद । शेर, धने नवटाक, जिरे २ रु. भार.

'ह. डाळ' म्हणजे हरभऱ्याची डाळ. उभ्या दंडांचं आधी सांगते. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, २॥ अडीच. टाइप करताना यांचं हमखास पूर्णविराम किंवा ११ होतं, आणि 'उडीद । शेर' चं 'उडीद १ शेर' झालं की भाजणी बिघडलीच. शाई पुसट असेल तर भिंग घ्या. दंड वरपासून खालपर्यंत सरळ जातो, १ च्या आकड्याला वर गाठ असते.

मग शेराची परीक्षा. दोन रुपये भार जिरे म्हणजे २३ ग्रॅम, यात वाद नाही. मुंबईचा जुना शेर धरला तर बाजरी ३१७ ग्रॅम, धने ४०, आणि जिरे २३. म्हणजे जिरे धन्याच्या निम्म्याहून जास्त. ८० तोळी शेर धरला तर बाजरी ९३३, धने ११७, जिरे २३. म्हणजे धन्याच्या पाचवा हिस्सा. भाजणी केलेल्या कुणालाही विचारा, दुसरं प्रमाण ओळखीचं वाटेल. पहिल्या प्रमाणात थालिपीठ खाताना जिऱ्याशिवाय काही लागणार नाही. तेव्हा हा शेर ८० तोळी. ज्या पानावर शेर आणि रुपये भार दोन्ही आहेत, तिथे ही ताळ्याची रीत दर वेळी करून पाहा. रुपये भार नसेल, पण मीठ चमच्याने किंवा मुठीने दिलं असेल, तर मिठावर पारख करता येते, कारण शेर चुकीचा धरला की मिठाचं प्रमाण तिपटीने चुकतं आणि ते वाचतानाच जिभेला कळतं.

एवढ्याने वजनाचा शेर सुटला. पण शेर मापाचाही असे, त्याला कैली म्हणत. धान्य, पोहे, चुरमुरे हे मापाने. गूळ, साखर, मसाले हे वजनाने अशी साधारण वाटणी होती. मापाच्या शिडीवरची नावं वेगळी: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरी दुपटीची, म्हणून लक्षात ठेवायला सोपी. पायलीच्या वर मात्र सावध राहा. मण कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६ चा. तुमच्या गावचा कोणता ते गावातच विचारावं लागतं.

या शिडीवर शेराचा आठवा भाग म्हणजे कोळवं आणि सोळावा म्हणजे निळवं. तेव्हा वहीत चिपटं-मापटं असेल तर लिहिणारीने भांड्याने मोजलंय. छटाक-नवटाक-रुपये भार असेल तर बहुधा तराजूने. 'बहुधा' अशासाठी, की दूध-तेल मोजायच्या मापालाही लोक नवटाक म्हणत. एकाच पानावर दोन्ही आलं तरी घाबरू नका. धान्य मापट्याने आणि मसाला नवटाकाने, असं लिहिणारी बाई नीटनेटकीच होती.

कैली शेराचे ग्रॅम कसे काढायचे? घरात जुनं चिपटं किंवा मापटं असेल तर तेच सांगेल. माळ्यावर बघा. पितळेचं असेल, लोखंडाचं असेल, त्यात हल्ली कोणी पेन ठेवलेले असतात. घासून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामं ठेवून काटा शून्यावर आणा. काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर, झालं माप. मग ते कोरडं करून तांदूळ भरा, हाताने काठाबरोबर सपाट करा आणि वजन लिहून घ्या. आता पुन्हा भरा, पण या वेळी वर ढीग होऊ द्या, दाणे कडेने घरंगळायला लागेपर्यंत. वर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. पुन्हा वजन करा. दोन आकड्यांत चांगलाच फरक पडतो, आणि भांडं जितकं पसरट तितका जास्त. धान्य देताघेताना सपाट की शिगेचं, यावर भांडणं होत ती उगीच नाही. 'उत्सुकता शिगेला पोचली' म्हणतो ती हीच शीग.

वहीत 'शिगेने' किंवा 'शिगोशीग' असं लिहिलं असेल तर भाग्य समजा. नसेल तर माझा नियम असा: धान्य-डाळी शिगेने, पीठ-रवा सपाट. पिठाची शीग दाबली तशी बसते, ती कोणी भरवशाने मोजत नसे. आणि प्रत्येक जिन्नस वेगळा तोलून घ्या, तांदळाचा आकडा पोह्यांना लावू नका. मापटंभर पोह्यांचं वजन मापटंभर उडदाच्या जवळपासही जात नाही.

मापाने मोजण्याची अजून एक खूण हिशेबाच्या वहीत सापडते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात: लाभ, दोन, तीन… तेव्हा धान्याच्या यादीत 'लाभ' दिसलं तर तो नफा नव्हे, पहिली पायली आहे. ती बेरजेत धरायची.

आता दुकानाच्या वह्या. त्यात वस्तूचं माप पुसट आणि किंमत स्पष्ट, असं फार होतं. तिथे जुन्या वाण्याची युक्ती उलटी वापरा. रुपयाचे आणे १६ आणि शेराचे छटाकही १६. त्यामुळे शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे, आणि नवटाकाला त्याच्या दुप्पट. तूप तीन रुपये शेर असेल तर छटाक तीन आणे, नवटाक सहा आणे, पावशेर बारा. कागद-पेन्सिल लागत नाही. म्हणून 'तूप … ।=' अशी नोंद असेल आणि महिन्याभरात कुठे भाव तीन रुपये दिसला, तर गाळलेलं माप नवटाक आहे हे सांगता येतं. यात उभा दंड चार आण्यांचा, आडवी रेघ एका आण्याची, म्हणजे '।=' झाले सहा आणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेत, ते याच हिशेबांसाठी. दशमान आल्यावर ते पाढे गेले आणि त्यांच्याबरोबर ही तोंडी सफाईही गेली. मला त्याची हळहळ वाटते, पण किलोच्या बाजूनेच माझं मत पडेल. तीन प्रकारचे शेर सांभाळण्यात ज्याचं नुकसान होई तो बहुतेक वेळा गिऱ्हाईकच असे.

औषधाच्या पानांवर नवटाक क्वचित, गुंज आणि मासा जास्त. सराफी तोळा ९६ गुंजांचा, म्हणून गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम. आयुर्वेदाच्या आजच्या सरकारी सूत्रग्रंथात ती १२५ मिलिग्रॅम आणि मासा एक ग्रॅम असा गोल केला आहे. अशी पानं मी जशीच्या तशी उतरवते, ग्रॅममध्ये करून देत नाही. भस्मांचे डोस आहेत, वैद्याला विचारल्याशिवाय कोणी घ्यायचे नाहीत. आणि 'बघू तरी खरी गुंज किती भरते' म्हणून लाल-काळ्या गुंजा घरी आणल्यात तर मुलांच्या हाताला लागू देऊ नका. ते बी विषारी आहे, चावलं गेलं तर जिवावर बेततं.

सोन्याचं थोडक्यात. आज सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुन्या वाटणीपत्रातले दहा तोळे म्हणजे ११६ ग्रॅमच्या वर. भावाबहिणींत वाद व्हायला एवढा फरक पुरतो, तेव्हा कागदाचं साल आधी बघा.

घरात कोणी नव्वदीचं माणूस असेल तर त्यांना विचाराच, पण 'नवटाक म्हणजे किती ग्रॅम' असं नको. त्यांनी ग्रॅममध्ये कधी विचार केलेला नसतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी आकडा सांगतील. विचारायचं ते असं: 'आजी, तुमच्याकडे शेर किती रुपये भाराचा होता? धान्य शिगेने देत का सपाट? तेलाचं माप वाण्याचं का घरचं?' मग बघा, हात हवेत माप धरायला लागतो आणि उत्तरं भराभर येतात. आजोबांना विचारलंत आणि ते गालात हसले, तर त्याचंही कारण आहे. मुंबईकडे दारूबंदीच्या काळात हातभट्टीच्या अड्ड्यावर जे माप मागत तेही नवटाकच. 'नवटाक मारून आला' म्हणजे काय, हे त्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही.

एखादा शब्द तरीही अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात अशी मापं भरपूर सापडतात, आणि एकाच नावाला प्रांताप्रांतात काय अर्थ होते तेही बऱ्याचदा दिलेलं असतं.

शेवटी उतरवून घेण्याबद्दल. मूळ शब्द कधीही खोडू नका. 'धने नवटाक' हे तसंच ठेवा, पुढे कंसात 'सु. ११७ ग्रॅ., ८० तोळी शेर धरून' असं लिहा. नुसतं '११७ ग्रॅम' लिहिलंत आणि उद्या त्याच घरातली आणखी जुनी वही निघाली, तिच्यात शेर मुंबईचा ठरला, तर मागचं काहीच दुरुस्त करता येणार नाही. ज्या पानाचा शेर ठरतच नाही, तिथे ग्रॅम लिहूच नका, भाग लिहा: बाजरी ८, ज्वारी ८, तांदूळ ४, डाळ ४, उडीद २, धने १. जिऱ्याला मात्र दोन तोळेच राहू द्या. भाजणी करणाऱ्याने आपल्या वाटीने आठ भाग घ्यावेत. सगळे जिन्नस धान्याच्याच जातीचे असल्याने वाटीने मोजलं तरी चव फारशी हलत नाही. धने हलके असतात, तेवढी त्यांची वाटी सढळ भरायची.